वजनाला माणसं हवीत

पुण्यात माझ्या गाडीत काहीही दोष नव्हता. कात्रजचा बोगदा ती गुणगुणत पार करायची. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा जरा वर सरकायचा, पण घाट लहान. काटा लाल पट्टीत शिरायच्या आत चढ संपायचा. दोष सुरू व्हायचा तो वाई सोडल्यावर, पसरणीच्या घाटात. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरचं, पण तेवढ्यात रस्ता जवळजवळ सहाशे मीटर वर चढतो. निम्म्या घाटात काटा उभा, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि आम्ही कठड्याला टेकून, माकडांच्या देखरेखीखाली.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. तिच्यानंतर कंपनीने इतकी नवी मॉडेलं काढली होती की समोर उभी केली असती तरी कंपनीने ओळख दाखवली नसती.

आमच्या हिचं माहेर भिलारला. स्ट्रॉबेरीसाठी ते आधीपासून प्रसिद्ध होतंच. २०१७ साली शासनाने त्याला 'पुस्तकांचं गाव' केलं. तिथे जायचं तर पसरणी घाट चढण्याला पर्याय नाही. त्यामुळे पहिलं निदान घरातच झालं.

"बरी माझ्या माहेरच्याच रस्त्याला तापते!"

पुरावाही तिच्या बाजूने भक्कम होता. परत येताना, म्हणजे माहेराकडे पाठ करून, गाडी उतारभर थंडगार असायची. चढावर इंजिनाला काम असतं आणि उतारावर नसतं, हे मी समजावून सांगितलं. त्यावर, "तुमचंही तसंच आहे," एवढंच उत्तर आलं.

शास्त्र मात्र माझ्या बाजूने होतं. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेली उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत वाहून न्यायची असते. सपाटीला ऐंशीच्या वेगात समोरचा वारा रेडिएटर फुकटात गार करतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जिवाच्या आकांताने फिरतं आणि गाडी विसाच्या पुढे सरकत नाही. उष्णता भरपूर, वारा बेताचा. त्यात दुपारी दरीतली तापलेली हवा डोंगराच्या अंगाने वर चढते, म्हणजे आपल्या मागून, आपल्याच दिशेने येते. मग रेडिएटरपुढे पान हलत नाही. बोर घाटात रेल्वेला ३७ फुटांना १ फूट चढ आहे. १८६३ सालापासून तिथे गाड्या चढवणारी रेल्वेसुद्धा कर्जतला मागून जादा इंजिनं लावते. आमच्या मागे नुसते हॉर्न.

घाटात बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत माणसं जमतात. खाली वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, त्याचा परिणाम घाटात निम्म्यापर्यंत तरी जाणवत असावा. सर्वज्ञ माणूस कधी पायी यायचा, कधी स्कूटरवरून.

एसटीच्या ड्रायव्हरने तर गाडीही न थांबवता निदान केलं. खिडकीतून कोपर बाहेर होतंच, त्याच्यामागून आवाज आला, "आवं, थर्मोस्टॅट काढून टाका की!" घाटातला हा जुना उपाय. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते आणि पाणी साधारण ८५ अंशांवर गेलं की उघडते. उघडायची बंद झाली की इंजिन उकळतं, हे खरं. पण धडधाकट झडप काढून फेकली तर सपाटीला इंजिन कधी नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल पीत बसतं.

बुलेटवरून आलेल्या एका तरुणाने हेल्मेट काढलं, वाफेकडे पाहिलं आणि घरात कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "काका, हेड गॅस्केट." गॅस्केट गेलं की रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात, इंजिनाचं ऑइल पांढुरकं आणि फेसाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी डिपस्टिक ओढून त्याला स्वच्छ ऑइल दाखवलं. "सुरुवातीला दिसत नाही," तो म्हणाला आणि खर्चाचा एक आकडा सांगून निघून गेला. त्या आकड्यात गाडी विकत मिळाली असती.

सगळ्यांत धोकादायक ते मदतीला आलेले. एक गृहस्थ हाताला नॅपकिन गुंडाळून रेडिएटरचं टोपण फिरवायला निघाले होते. मी मध्ये आडवा पडलो. बंद रेडिएटरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी दाबामुळे पाणीच राहतं. टोपण उघडलं की दाब जातो आणि क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर उडते. ते रागावले. त्यांच्या हातात बाटलीभर गार पाणी होतं आणि ते कुठेतरी ओतल्याशिवाय त्यांना पाचगणीला जाववेना. शेवटी ते माकडांना मिळालं.

एकच सल्ला लागू पडला, तो एका ट्रकवाल्याचा: "हीटर लावा." हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच. तो सुरू केला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि काटा खाली उतरतो. त्याप्रमाणे मे महिन्याच्या भर दुपारी, चारही काचा खाली करून, हीटर पूर्ण सोडून आम्ही उरलेला घाट चढलो. पायांवर भट्टीचा वारा. हिने मांडीवर धरलेल्या डब्यातला श्रीखंडाचा गोळा हळूहळू वाहू लागला. काटा दोन रेघा उतरला. इंजिन गार झालं आणि माणसं उकडून निघाली. भिलारला सासूबाई दारात म्हणाल्या, "अगंबाई, जावईबापू चालत आले की काय?"

पुण्यात आमच्या मिस्त्रींनी गाडी चारही बाजूंनी तपासली. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि माती उलट्या बाजूने पाणी मारून काढली, फॅन बघितला, बेल्टचा ताण बघितला, वॉटर पंप गळत नाही ना ते बघितलं. गाडी अर्धा तास चालू ठेवली. काटा मध्यावर येऊन थांबला, तो हलेना.

"एकदम ओके आहे, साहेब."

"पण घाटात तापते."

"मग घाट आणा हितं." मिस्त्रींनी हात पुसले. "गाडी माझ्यासमोर तापली पाहिजे. आणि नुसती रिकामी नेऊन उपयोग नाही. भार पाहिजे. वजनाला माणसं हवीत."

माणसं त्यांच्याकडे तयार होती. मिस्त्रींच्या वहिनी आणि शाळेला सुट्टी लागलेली मुलगी अशी दोन वजनं ठरली. आमची ही तिसरं. ही बातमी सोसायटीत फुटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून सांगितलं, "मी ब्याण्णव किलो आहे." त्यांना राखीव ठेवावं लागलं. हिने माहेरी द्यायच्या तांदळाच्या गोणीवरून एरवी आमच्यात वाद झाला असता. "ठेवा वहिनी, डिकीत दाबून ठेवा, तेवढंच टेस्टिंगला बरं," असं म्हणून मिस्त्रींनी तो कायमचा मिटवला.

वाई सोडली. मिस्त्रींची मुलगी दोन सीटांच्या मधून मान पुढे घालून काट्यावर नजर ठेवून होती आणि क्रिकेटचं समालोचन करावं तसं दर वळणाला सांगत होती. "मध्यावर... अजून मध्यावरच... पप्पा, हलतच नाहीये." गाडीत निराशा पसरली. मिस्त्रींनी एसी लावायला सांगितला. एसीचा कंप्रेसर इंजिनावर ओझं टाकतो, आणि त्याची गरम जाळी बरोबर रेडिएटरच्या पुढ्यात असते. थंडगार हवेत बसून आम्ही पाचजण इंजिन तापायची वाट बघत होतो.

"चढला! एक रेघ चढला!"

"गिअर बदलू नका साहेब, दुसऱ्यातच ठेवा!"

"दोन रेघा!"

मागून टाळ्या पडल्या. हिनेही वाजवल्या. वाफ दिसली तेव्हा मिस्त्रींच्या वहिनींनी मनोभावे हात जोडले. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या माणसांनी वाफ सोडणारी गाडी आणि आत आनंदाने उड्या मारणारं कुटुंब पाहिलं आणि वेग वाढवला.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाकले आणि म्हणाले, "रेस द्या." मी दिली. "अजून." अजून दिली. "आता या बघायला, वहिनी रेस देतील." हिने माहेरची सगळी थकबाकी त्या अ‍ॅक्सिलरेटरवर काढली. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला आणि पार चपटा झाला. पाय काढला की पुन्हा गोल, निरागस.

"हा बघा तुमचा चोर. आणि हे टोपण त्याचा साथीदार."

कुकरची रिंग गेली की डाळ शिजत नाही, तसं हे टोपणाचं रबर, मिस्त्रींनी समजावलं. टोपण धड असेल तर आतला दाब टिकतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब गेला की ते उघड्या पातेल्यातल्या पाण्यासारखं लवकर उकळतं. आणि समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारं पाणी पाचगणीच्या तेराशे मीटरच्या आसपास ९६ अंशांतच उसळतं. दुसरं म्हणजे, आतून दाब असला की म्हातारा पाइपही फुगलेला राहतो. दाब गेला, आतली स्प्रिंग गंजून संपली, रबर गरम होऊन मऊ पडलं, की पंपाच्या ओढीने तो मिटतो. पाण्याची वाटच बंद. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात यातलं काहीच घडत नाही. पुण्यातल्या गॅरेजमध्ये तो पाइप निर्दोष सुटणारच होता.

पाऊण तासाने इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी पिशवीत हात घातला. आतून नवा पाइप निघाला, मापाचा. मग नवं टोपण. मग दोन क्लिपा आणि कूलंटचा डबा.

"मिस्त्री, हे सगळं बरोबर आणलं होतंत? मग पुण्यातच का नाही बदललं?"

"संशयावरून पार्ट बदलायचा नसतो साहेब," क्लिप आवळत ते म्हणाले. "पुरावा लागतो."

उरलेला घाट काटा मध्यावर ठेवून पार पडला. पाचगणीच्या टेबललँडवर मुलगी घोड्यावर बसली, वहिनींनी फोटो काढून घेतले, भिलारला सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला वाढलं. मिस्त्रींनी पार्टाचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. "फिरणं झालं की," म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडी गप्प होती, माणसं पेंगत होती. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना मागून मुलीने हळूच विचारलं, "काका, तुमच्या गाडीला समुद्राजवळ काही होत नाही का?"

मिस्त्री लगेच सावध होऊन कान देऊन बसले. "थांबा," ते म्हणाले, "मागच्या डाव्या चाकातून एक आवाज येतोय खरा. पण तो गणपतीपुळ्याला नेल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."