टोचायचं कुणाला?

निकोटिनचा रेणू इतका लहान, की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला चिकटवून टोचायचा. मग रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि झुरक्यातल्या निकोटिनला मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच धरतात. ओढली तरी किक बसत नाही. ही निकोटिनची लस. त्यातली ‘निकव्हॅक्स’ सर्वांत पुढे गेली आणि २०११ मध्ये मोठ्या चाचण्यांत आपटली : खोटं इंजेक्शन घेतलेल्यांची सिगारेट जेवढी सुटली, साधारण तेवढीच खरी लस घेतलेल्यांची.

लस आपटली, पण तिच्यासोबत आलेला एक विचार अजून जिवंत आहे. व्यसन लागायच्या आधीच मुलांना टोचून टाका! याला माझा साफ विरोध आहे.

चाळिशीचा माणूस स्वतः येऊन म्हणाला, ‘डॉक्टर, सुटत नाही, काहीतरी करा’, तर चालणारी लस मिळाल्यावर त्याला जरूर द्या, सरकारी खर्चानं द्या. पोराची गोष्ट वेगळी. गोवराची लस आपण बाळाला न विचारता देतो, कारण गोवर त्याच्या कळत्या वयापर्यंत थांबत नाही. सिगारेट पाळण्यात येत नाही. ती कुणीतरी विकतं. शिवाय ही प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात, म्हणजे शाळाभर पोराला पुन्हा पुन्हा टोचायचं. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड लस अडवत नाहीच. किक बसेना म्हणून त्यानं एकाऐवजी दोन ओढल्या तर?

आणि विकणाऱ्याचं काय? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला द्यायची नाही, हा कायदा २००३ चा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची, सुट्या सिगारेटींवरची बंदी २०२० ची. आता शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहून बघा. मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या हातात. तो दातानं फोडतो, एकीत दुसरी ओततो, हलवतो, झाला गुटखा. शेजारी दोरीला लायटर लटकतोय, कारण सिगारेट सुटीच खपते.

ही टपरी उठवायला प्रयोगशाळा लागत नाही. तिला हात लावायची हिंमत नाही म्हणून उद्या कुणी पोराच्या दंडात सुई खुपसायला आलं, तर आईबापांनी संमतीपत्रावर सही करू नये.