खून पडेना, म्हणून वाचक मिळेना

हैदराबादच्या हिमायतनगरातल्या हर्डीकर बागेचे नाव मराठी, पण अशा वस्तीतल्या मराठी घरात सोळा वर्षांची मुलगी अधीरतेने वाट पाहते ती हॉली जॅक्सन किंवा कॅरन मॅकमॅनस यांच्या नव्या रहस्यकादंबरीची. वडीलधाऱ्यांचे निदान तयारच असते: परमुलखात राहून मराठी सुटली. पण मग पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलीच्या उशालाही तीच पुस्तके का असतात? तिला तर कुठला परमुलूख बाधला नाही. तेव्हा संशयित हैदराबाद नव्हे, आपले साहित्यिक सोवळे आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. साहित्याच्या दरबाराने त्यांना ओसरीवरच बसवले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला की मुलांना आपण थेट ‘ययाती’च्या हवाली करतो. मधली पाच-सहा वर्षे त्यांनी बहुधा संस्कार घेत काढायची.

थरारकथांनी मुले बिघडतात, असा आक्षेप येईल. अर्नाळकर चोरून वाचणारे पुढे दरोडेखोर झाले नाहीत. बरेचसे वाचनालयांचे आजीव सभासद झाले. हैदराबादेत मराठी वाचक किती, हा दुसरा आक्षेप. याच शहरात तेलुगूत यंडमूरी वीरेंद्रनाथांच्या ‘तुलसीदळम्’ या थरारकथेने साप्ताहिकातून वाचकांना पुढच्या अंकासाठी ताटकळत ठेवले; वाचक आधी मोजून मग कथा लिहिली नव्हती. प्रकाशकांनी वाचनसंस्कृतीवरची परिसंवादसत्रे थोडी कमी करून किशोरांसाठी दरसाल एक बरा खून छापावा.