नवा माल जुना करण्याची सोपी कृती

तुमचा मसाला गेल्या दिवाळीत बाजारात आला असेल, तर आता तो जुना करायला घ्या. फार उशीर केलात तर तो आपोआप जुना होईल, आणि मग त्याला कोणी विचारणार नाही.

आधी काळ निवडा. आजोबांचा उत्तम. त्यातली रॉकेलची रांग आणि टेलिफोनसाठी काढलेली वर्षे तेवढी वगळा. उरतो तो लाकडी रेडिओ, पत्र्याची पेटी आणि हळदीचा पिवळा रंग, एवढ्यात भागते. पाकिटावर ‘स्थापना २०२४’ छापायला लाजू नका. गोल शिक्क्यात छापा, दोन्ही बाजूंना चांदण्या द्या. आकडा कोणी वाचत नाही, चांदण्या वाचतात.

चित्र लागेलच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, तशा साबणाच्या वेष्टनांवर आणि कॅलेंडरांवरही. देवीला बाजारात आणण्याचा मान त्यामुळे तुमच्याकडे येत नाही, पण रविवर्मा १९०६ साली वारले असल्याने स्वामित्वहक्काची कटकटही येत नाही. लक्ष्मीच्या हातात मसाल्याचे पाकीट मात्र जपून द्या. पोस्ट व्हायरल होईल, पण तुमच्या मनात आहे त्या कारणाने नव्हे.

आता खरे कौशल्य, म्हणजे चूक. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. तोच कागद एकेका दगडावर नेमका बसवत न्यायचा. केसभर सरकला की ओठांचा लाल गालावर जाई आणि तो कागद बाद होई. ही सरकासरक टाळण्यात कारागिरांची उमर जायची. तुम्ही लाल थर माउसने दोन पिक्सेल उजवीकडे ढकला, वर थोडे कण पेरा, कोपऱ्याला घडी पाडा. इन्स्टाग्रामवर टाकताना फाइल भरपूर रेझोल्यूशनची ठेवा, नाहीतर खराबी स्वच्छ दिसत नाही.

अक्षरांसाठी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट फुकट मिळतो. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे आणि, थट्टा बाजूला ठेवून सांगायचे तर, देखणा आहे. पण पेंटरच्या पाटीवरचे दोन ‘र’ कधी तंतोतंत सारखे नसत, आणि जागा संपत आली की शेवटची अक्षरे अंग चोरून बसत. फॉन्टला ते जमत नाही. तेव्हा खरा पेंटरच शोधा. फ्लेक्सने बऱ्याच जणांचा धंदा बसवला, तरी एखादा सापडतोच. त्याच्या ब्रशचा रील काढा, काम अर्ध्या तासात आटपायला सांगा आणि पैशांचा विषय निघाला की ‘काका, तुम्हाला टॅग करतो ना’ म्हणा.

वेळ साधणेही महत्त्वाचे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्याआधी दीड महिना बेस्टची डिझेलवरची डबलडेकर. दोन्ही धावत होत्या तेव्हा लोक गर्दी, घाम आणि भाडे यांबद्दल बोलत. आता त्या मगवर आणि उशीच्या अभ्र्यावर आहेत आणि कोणाची तक्रार नाही. काय बंद पडण्याच्या बेतात आहे, यावर डोळा ठेवा.

हे सगळे खपते का, असे गुंतवणूकदार विचारतील. त्यांना कॅम्पा कोला दाखवा. १९७७ साली कोका-कोलाने देश सोडल्यावर तो पुढे आला, नंतर मावळला, आणि २०२३ मध्ये रिलायन्सने त्याला परत उभे केले. याला स्मरणरंजनाचा विजय म्हणा. दहा रुपयांची बाटली उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला नेमके काय आठवले, असे कोणी विचारलेच तर पुढची स्लाइड लावा.

एक पथ्य. तुमच्या गल्लीत खरोखरच सत्तर वर्षांचे दुकान असेल, तर त्याच्या मालकाशी भागीदारी करू नका. शेठना जुने दिसायचे नाही. त्यांना एलईडीचा बोर्ड हवा आहे, नावामागे उगवता सूर्य आणि नावावर सोनेरी चकाकी. पत्र्याची जुनी पाटी ते उतरवतील त्या दिवशी आसपास राहा. भंगारवाल्याच्या आधी पोचलात तर किलोच्या भावाने मिळेल. गंज घासू नका, पैसे त्याचेच आहेत.