मोटारीचा आसननिर्णय

मोटार घेण्याचा संकल्प एकदा कुटुंबात संमत झाला, की इंजिन कोणते, हप्ता किती आणि गाडी उभी कोठे करावयाची असले किरकोळ मुद्दे दोनतीन बैठकांत निकालात निघतात. परंतु आसने चामड्याची घ्यावीत की कापडाची, हा प्रश्न दफ्तरी दाखल झाला म्हणजे घरातील प्रत्येकास आपापली कैफियत मांडण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि ज्या धारवाडात उच्च न्यायालयाचे पीठ २०१३ सालापासून कायमचे बसू लागले आहे, तेथील नागरिकांना कोणताही निवाडा एका तारखेत लागावा अशी घाई नसल्यामुळे, हे प्रकरण पुढल्या पाडव्यापर्यंत सहज रेंगाळते. हुबळी-धारवाड या जोडशहरांतील अशा पक्षकारांच्या सोयीसाठी आसननिर्णयाची शास्त्रोक्त रीत येथे देत आहे.

पहिला विचार अखत्याराचा करावा. आसन निवडण्याचा अधिकार आपणांस आहे असे ग्राहकास वाटते, ते केवळ त्याच्या स्वभावातील भाबडेपणामुळे. वास्तविक कारखानदारांनी प्रत्येक मोटारीच्या चारपाच प्रती, म्हणजे बाजाराच्या भाषेत व्हेरियंट, आधीच ठरवून ठेविलेल्या असतात. खालच्या प्रतीस कापड, वरच्या प्रतीस चामडे, आणि या वाटणीत फेरफार करण्याची दरखास्त शोरूमच्या उंबऱ्यावरच नामंजूर होते. चामड्याबरोबर छतातील सरकती काच आणि रंग पालटणारे दिवेही पदरात पडतात; तेव्हा ज्यास फक्त पाठ टेकण्यापुरते चामडे हवे असेल, त्यास डोक्यावरचे आकाशही विकत घ्यावे लागते, आणि धारवाडच्या पावसात ते आकाश चार महिने मिटून ठेवावे लागते. तरीही चर्चा अवश्य करावी. ज्या गोष्टीचा निर्णय दुसऱ्याने आधीच घेऊन ठेविला आहे, तिच्याविषयी निर्धास्तपणे आणि वाटेल तितका वेळ विचार करता येतो. ही सवलत खऱ्या निवडीत नाही.

यानंतर वस्तुनिश्चिती. विक्रेता तरुण आसनावर हात फिरवून "लेदर आहे, सर" असे आदबीने सांगतो; माहितीपत्रकातील बारीक टायपात त्याचेच लेदरेट झालेले असते; आणि सीट-कव्हरच्या दुकानात तोच माल आर्ट लेदर या भारदस्त नावाने टांगलेला आढळतो. तिन्ही ठिकाणी वस्तू एकच: विणलेल्या कापडाच्या पाठीवर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन यांचा थर चढवून, तो थर मऊ आहे तोवर नक्षीच्या रुळाखालून काढलेला तागा, ज्यावर कधी जन्मासच न आलेल्या एका प्राण्याची रोमरंध्रे आणि सुरकुत्या मोठ्या निष्ठेने उमटविलेल्या असतात. ही कला आजची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडात कापडावर सेल्युलोजचे रोगण चढवून रेक्झिन निघाले, आणि पुढे त्याने व त्याच्या भाऊबंदांनी आमच्या पिढीचे होल्डॉल, दवाखान्यातील तपासणीचे बाक आणि एस.टी.ची आसने अशी सर्व मुलूखगिरी केली. म्हणजे ज्यास आपण चामडे म्हणून भाव देतो, ते मुळात वरून रंगविलेले कापडच आहे.

कापडाच्या पक्षाने मात्र एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. हुबळी ही कापसाची पेठ; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जिल्ह्यात अमेरिकन वाण रुजला आणि येथील सरकीविरहित रुई 'सॉ-जिन्ड धारवाड' या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात ओळखली जाऊ लागली; १९७२ साली धारवाडच्या संशोधन केंद्रातून वरलक्ष्मी हे संकरित वाण बाहेर पडले; राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी गरग गावाचे नाव झाले आणि हुबळीच्या बेंगेरीत तर खुद्द ध्वजच शिवले जातात. अशा या कार्पासभूमीत मोटारीच्या आसनाचे कापड म्हणून जे मिळते, ते पॉलिएस्टर असते. त्याचा आणि कापसाच्या बोंडाचा परिचयही नाही. चामडे म्हणविणारेही मुख्यत्वे खनिज तेलाच्या पोटचे, कापड म्हणविणारेही त्याच पोटचे. वादी आणि प्रतिवादी सख्खे भाऊ निघाले तरी खटला चालू राहण्यास आपल्याकडे कधीच बाध आलेला नाही.

खरे चामडे पारखण्याच्या ज्या कसोट्या वडीलधारी मंडळी सांगतात, त्यांपैकी जाळून पाहण्याची कसोटी सर्वांत विश्वसनीय आहे: चामड्यास जळक्या केसांचा दर्प येतो, पीव्हीसीस जळक्या प्लास्टिकाचा. अडचण एवढीच, की शोरूममधील मंडळी या प्रयोगास अनुकूल नसतात. पाण्याचा थेंब टाकून तो मुरतो का हे पाहावे, असे दुसरे एक मत आहे. परंतु मोटारीसाठी कमावलेल्या अस्सल चामड्यावरही रंगाचा पातळ लेप असतो, त्यामुळे थेंब तेथेही निर्विकारपणे ओघळून जातो. वासावर तर बिलकूल भिस्त ठेवू नये, कारण चामड्याचा वास बाटलीत निराळा मिळतो. राहता राहिला एकच मार्ग: शिवणीच्या कडेशी उलटी बाजू दिसते का ते पाहावे, तेथे तंतूंची लव दिसली तर चामडे, आणि उभे-आडवे धागे दिसले तर कापड. असे वाकून, मान तिरकी करून, आसनाखाली डोके घालून पाहणाऱ्या गृहस्थास विक्रेते विशेष मान देतात आणि चहा विचारतात.

हवामानाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तेवढ्यापुरते दोन्ही शहरांचे दावे वेगळे चालवावे लागतात. नगरपालिका एक करून महानगरपालिका झाली ती १९६२ साली. परंतु वीस किलोमीटरांच्या अंतरात माती आणि आकाश पालटते, त्यास महानगरपालिकेचा इलाज नाही. धारवाड मलनाडच्या उंबऱ्यावर बसलेले. तेथे माती तांबडी आणि पाऊस असा, की तो थांबला की चालू आहे याविषयी दोन सज्जनांत मतभेद व्हावा. या दिवसांत कापडी आसन एकदा ओले झाले, की त्यातून जुन्या वाड्यातील माजघराचा वास येऊ लागतो, आणि अस्सल चामड्यावर पांढरी बुरशी धरते. लेदरेट तेवढे फडक्याने पुसले की नामानिराळे होते. हुबळीचे प्रकरण याच्या उलट. नवलगुंदाच्या अंगाने पसरत गेलेली काळी जमीन, तिची उन्हाळ्यात उडणारी धूळ, आणि दुर्गदबैलात भाजी घेऊन परत येईपर्यंत भर वैशाखात उन्हात उभी राहिलेली मोटार, यांचा एकत्रित विचार केला, म्हणजे काळ्या चकचकीत आसनावर धोतराने किंवा पातळ पाटलोणीने बसणाऱ्याची प्रथम प्रतिक्रिया कोणत्या भाषेत उमटेल, हे त्याच्या मातृभाषेवरून ठरत नाही. प्लास्टिकातून हवा खेळत नाही. त्यामुळे उणकल तलाव येण्यापूर्वीच सदऱ्याची पाठ आसनास चिकटते, आणि उतरताना एक प्रकारचा विरहध्वनी निघतो. कापड या बाबतीत दयाळू असते.

यावर उपाय म्हणून आसनास बारीक छिद्रे पाडून खालून पंख्याने वारा सोडण्याची योजना महाग गाड्यांतून निघाली आहे. पूर्वी कलेक्टरसाहेबाच्या डोक्यावर दोरीचा पंखा ओढला जाई. लोकशाहीत ती सोय बुडाखाली आली.

रंगाविषयी एकच हुकूम: फिकट बदामी घेऊ नये. शोरूमच्या दिव्यांत तो रंग राजेशाही दिसतो, पण पश्चिमेची तांबडी आणि पूर्वेची काळी माती या दोहोंची साक्ष तो कायम जपून ठेवतो, आणि यजमान कचेरीच्या कामासाठी कोणत्या दिशेस गेले होते, याचा लेखी पुरावा घरी उपलब्ध होतो. खाण्याच्या पदार्थांबाबतही हाच न्याय. लाइन बाजारातील पेढ्यावरची पिठीसाखर झटकून जाते. गिरमिटातील चिरमुरे शिवणीत शिरले तर पुढील आयुष्यभर भेटत राहतात. पण मिरचीभज्याचे तेल आणि सावजी खानावळीतून बांधून आणलेल्या रश्श्याचा थेंब कापडात जो मुरतो, तो गाडीच्या नोंदणीपुस्तकापेक्षाही टिकाऊ असतो.

प्रतिष्ठेचा प्रश्न उरतो. चामडे म्हणजे श्रीमंती आणि कापड म्हणजे काटकसर, ही समजूत आपल्याकडे पक्की असली, तरी इतिहास तिच्या बाजूचा नाही. घोड्याच्या बग्गीत, आणि पुढे पहिल्या बंदिस्त मोटारींत, चामडे असे ते पुढे बसणाऱ्या गाडीवानाच्या वाट्याला, कारण त्याच्या अंगावर ऊनपाऊस येई. मागे आत बसणारे धनी मऊ लोकरीच्या कापडावर टेकत. जपानच्या सम्राटांसाठी टोयोटाने २००६ साली बांधलेल्या सेंच्युरी रॉयल या मोटारीतही हाच पंक्तिप्रपंच पाळला आहे: पुढे चालकास चामडे, मागे बादशहास लोकरी वस्त्र. ज्याची गाडी स्वतःच हाकावयाची आहे आणि धनीही स्वतःच आहे, अशा मध्यमवर्गीयाने या दाखल्यावरून कोणत्या बाजूने कौल द्यावा, हे मी सांगू शकत नाही. पण शेजाऱ्याने चामड्याची आसने घेतली असल्यास त्यास हा दाखला जरूर ऐकवावा.

सोवळ्याओवळ्याचा आक्षेप घरातील आजीकडून येतो, आणि तो सहजासहजी उडवून लावण्याजोगा नाही. कोल्हापुरी वहाणांचे भौगोलिक मानांकन दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांत वाटून दिलेले असून त्यांत धारवाड जिल्ह्याचाही वाटा आहे. म्हणजे चामडे कमावणे व वापरणे या भूमीस परके नाही. तथापि वहाण उंबऱ्याबाहेर काढावयाची आणि नुग्गीकेरीच्या हनुमंताला मात्र चामड्यावर बसून जावयाचे, हे आजीस कसे पटावे? अशा प्रसंगी प्रथम तिला लेदरेटचे रसायनशास्त्र समजावून सांगावे, म्हणजे ज्या गोष्टीसाठी वरच्या प्रतीचे पैसे मोजले ती गोष्ट गाडीत नाहीच, हे शपथेवर कबूल करावे. हे यजमानास जड जात असेल, तर सरळ गीतेचा सहावा अध्याय काढावा.

या अध्यायात योग्याने आसन कसे मांडावे याची जी सूचना श्रीकृष्णाने दिली आहे, ती मोटारींच्या प्रकरणी अद्याप कोणी आधारास घेऊ नये, याचे मला नवल वाटते. जागा शुद्ध असावी, आसन स्थिर असावे, फार उंच नसावे, फार खाली नसावे; म्हणजे आसनाची उंची कमी-अधिक करणारा दांडा कसा वापरावा येथपर्यंत तपशील दिलेला आहे. त्यावर वस्त्र, अजिन आणि दर्भ असे तीन थर सांगितले असून, हा पाठातील क्रम उलटा धरावयाचा, असा खुलासा शंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनी मात्र तळाशी दर्भ, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी आणि सर्वांवर मृगाजिन अशी मांडणी केली आहे. आचार्यांचा क्रम घेऊन दर्भाच्या जागी फोम धरला, की प्रकरण मिटते: फोमवर चामडे आणि चामड्यावर वस्त्र. चामडे की कापड हा वाद शास्त्रकारांनी घातलाच नव्हता; त्यांनी दोन्ही घेतली. कचेरीच्या पांढऱ्या अँबॅसडरमध्ये मागच्या आसनावर साहेबांसाठी पांढराशुभ्र टॉवेल पसरण्याची जी वहिवाट होती, आणि जी अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबल्यावरही नव्या गाड्यांतून अव्याहत चालू आहे, तीस आपण सरकारी डामडौल समजत होतो. ती निघाली योगसाधना.

तेव्हा गाडी ताब्यात येताच ती कुशनवाल्याकडे न्यावी. तो "बकेट फिटिंग करू की साधं?" असे विचारील, बकेट म्हणावे, कारण साधे म्हटल्यास त्याचा विरस होतो. येथे एका गोष्टीपुरती थट्टा बाजूस ठेवतो. ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅगा असतात, त्यांत त्या पुढच्या आसनांच्या दाराकडील कुशीतच बसविलेल्या असतात व शिवण फाडून बाहेर येतात. आसनाच्या त्या अंगास तसे लिहिलेली लहान पट्टीही असते. तेथे जाड, अखंड खोळ चढविली तर पिशवी वेळेवर उघडणार नाही. म्हणून त्या बाजूस मोकळीक ठेवलेली किंवा मुद्दाम कच्ची शिवण घातलेलीच खोळ घ्यावी, आणि आसनाखालच्या पिवळ्या जोडणीस कारागिराचा हात किंवा आकडा लागू देऊ नये. तेवढे सांभाळून मग खुशाल पुढे जावे: लेदरेटवर आर्ट लेदरची खोळ, खोळीवर टॉवेल, मागच्या बाकावर मोरांची आणि सोंगट्यांच्या पटाची नक्षी असलेला नवलगुंदी जमखाना, आणि काचेशी धारवाडी खणाच्या दोन उशा. कारखान्याने घातलेले पारदर्शक प्लास्टिक या सर्वांच्या खाली तसेच राहिले असल्यास काढू नये. ते काढण्याचा मुहूर्त सहसा सापडत नाही.

माझे मत कोणी विचारलेच, तर मी खालची प्रत, गडद करडे कापड आणि वाचलेल्या रकमेत चांगले टायर अशी शिफारस करीन. ती आजवर कोणी मानलेली नाही. आठदहा वर्षांनी गाडी विकावयास काढली, की गिऱ्हाईक एकेक आवरण उचलीत आत जाते आणि सर्वांत खाली, कोणाचीही पाठ कधी न लागलेली, कंपनीच्या वासासकट जशीच्या तशी राहिलेली आसने पाहून थक्क होते. मात्र त्याबद्दल किमतीत एक रुपया वाढवीत नाही, सौदा पुरा करते, आणि गाडी घेऊन तडक कुशनवाल्याकडे जाते.