बायोमेडिकलचा जमाखर्च : नवशिक्या पालकांसाठी

साहित्य : एक आडवी वही, एक पेन, सीईटीचं गुणपत्रक आणि ज्याच्या नावावर कर्ज निघणार आहे तो मुलगा किंवा ती मुलगी. यातली शेवटची बाब हिशेबाच्या वेळी घरात असतेच असं नाही. नसली तरी बहुतेक घरांत काम अडत नाही.

नातेवाइकांना पदवीचा अर्थ समजावण्यात वेळ घालवू नका. ‘बायो’ ऐकून मामा म्हणतील डॉक्टर, ‘मेडिकल’ ऐकून आत्या म्हणेल औषधांचं दुकान. ‘इंजिनिअरिंग’पर्यंत कोणी पोचणार नाही. तुमच्यापुरतं एवढं ध्यानात ठेवा, की व्हेंटिलेटर, डायलिसिसचं मशीन, इन्फ्युजन पंप ही यंत्रं कोणीतरी आखतो, बनवतो, विकतो, बसवतो आणि रात्री दोनला बंद पडली की येऊन चालू करतो. या पाच क्रियापदांपैकी कोणत्या क्रियापदाचा पगार मिळणार, यावर पुढचा सगळा हिशेब आहे. माहितीपत्रकावर पहिल्याचं चित्र असतं. नेमणूक बहुधा शेवटच्या तिनांत होते.

आता खर्चाचं पान. आधी सवलती वजा करा, कारण त्या न विचारता कोणी सांगत नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या गटातल्या विद्यार्थ्यालाही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अटी नीट वाचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात जी रांग लागते, तिच्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना हे कालच कळलेलं असतं.

मग उरलेली रक्कम. समजा फी, वसतिगृह, मेस, लॅपटॉप धरून वर्षाला २ लाख, म्हणजे चार वर्षांत ८ लाख, आणि सगळे कर्जाने. नवशिका इथे ८ लाख लिहून पान उलटतो. उलटू नका. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात, पण व्याजाला ही सुट्टी नसते. दहा टक्के सरळ व्याज धरलं तर पहिल्या वर्षाच्या २ लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या तीन आणि शेवटच्या दोन वर्षांचं, असे एकूण २ लाख ८० हजार. पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज १० लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १४ हजार २७०. हा आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहा. पुढच्या प्रत्येक पानाला त्याच्याशी बोलायचंय.

मिळकतीच्या पानावर कॉलेजने सांगितलेलं ‘सरासरी पॅकेज’ लिहिण्याची फार इच्छा होईल. सहाजणांना नोकरी लागली, पाचांना ३ लाख आणि एकाला १८ लाख, की सरासरी होते साडेपाच लाख, जे सहांपैकी एकालाही मिळालेलं नाही. तेव्हा मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा. शिवाय नोकरी लागलेल्यांची टक्केवारी काढताना वर्गातल्या सगळ्या मुलांच्या संख्येने भागलं की फक्त ‘नोंदणी केलेल्या’ मुलांच्या, हेही विचारा. आणि बायोमेडिकलच्या मुलांपैकी किती जण सॉफ्टवेअर कंपनीत गेले, हे तर विचाराच. तिथे लागणारा पगार खरा असतो. फक्त त्यासाठी ईसीजीचे फिल्टर शिकण्याची गरज नव्हती.

वर्षाला ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार, असं फक्त कागदावर असतं. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारी रक्कम बसवलेली असते. हातात २५ हजार आले असं धरा. मुखपृष्ठाकडे बघा. उरले १० हजार ७३०. यात मुंबईत कॉट भाड्याने घ्यायची आणि जेवायचं.

इथे एक पान पॉलिटेक्निकसाठी राखून ठेवा, जरी तुमचं मूल बारावी झालेलं असलं तरी. धाकटं भावंड असेल. दहावीनंतर तीन वर्षांची मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला मुलगा सर्व्हिस इंजिनिअर म्हणून पदवीवाला नेतो तीच बॅग घेऊन त्याच दवाखान्यात जातो. पुढे वाटलं तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. पहिल्या नोकरीपुरता दोघांच्या पगारात किती फरक आहे, हे एखाद्या कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरला विचारा. तो हसला तर तेही टिपून ठेवा.

‘संशोधनात जाईल’ हे वाक्य जमेच्या बाजूला लिहायला हरकत नाही, पण पेन्सिलीने. एमआरआयसारखी मोठी यंत्रं आपण अजून बरीचशी बाहेरून आणतो, त्यामुळे आखणारा तिकडे आणि दुरुस्त करणारा इकडे, ही वाटणी जुनी आहे. फिलिप्सचं पुण्यात, जीईचं बंगळूरला संशोधन केंद्र आहे. पण तिथल्या जागांवर इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कम्प्युटरवालेही हक्काने अर्ज करतात. उलट त्या शाखांच्या जागांच्या जाहिरातीत बायोमेडिकल हा शब्द क्वचितच दिसतो. २०२०पासून गेट परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. एम.टेक.साठी तो उत्तम. सार्वजनिक कंपन्यांच्या भरतीत मात्र त्याला फारसा भाव नाही.

एका गोष्टीला या वहीत रकानाच नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. आधीचे नमुने फसले. पुढचा टिकला आणि डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या रुग्णाला बसवला गेला. आयात झडपेपेक्षा तो बराच स्वस्त. या कामाची कमाई हजारो रुग्णांच्या पानावर जमा झाली, करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर नव्हे. तुमच्या मुलीला असलं काही करायचं असेल तर हिशेब मांडा, पण तिच्यासमोर फार वेळ उघडा ठेवू नका.

राहिली अमेरिका. तिथल्या बायोमेडिकल इंजिनिअरचा मध्यक पगार वर्षाला १ लाख डॉलरच्या घरात आहे, हे कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवेलच. त्याचे रुपये करायच्या आधी तिथल्या एकूण जागा विचारा : सुमारे २० हजार, अख्ख्या देशात. शिवाय तो पगार अनुभवी, बहुतांश तिथल्याच माणसांचा. तुमचा मुलगा एम.एस. करून तीन वर्षांच्या परवान्यावर उभा असेल आणि पुढे एच-१बी व्हिसाची सोडत. २०२५च्या सप्टेंबरमध्ये परदेशातून नव्याने बोलावलेल्या माणसासाठी त्या व्हिसावर मालकाला १ लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. एम.एस.चा खर्च वेगळ्या वहीत लिहा. ही पुरणार नाही.

हे सगळं झाल्यावरही बायोमेडिकल हवंच असेल तर घ्या. वाईट विद्या नाही. फक्त प्रवेशाच्या कॅप फॉर्ममध्ये ते ‘असू दे’ म्हणून वर चढवू नका, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते, मग पुढच्या फेरीत हलता येत नाही. आणि मुदतीच्या शेवटच्या दुपारी फॉर्म भरायला बसू नका. तेव्हा साइट झोपलेली असते आणि मामा जागे.