कॅप्टन

मृगाचा पहिला शिंतोडा अजून पडायचा असतो, तेवढ्यात कॅप्टनचा फोन येतो. "भीमाशंकर. खांडसवरून. तुझी सॅक किती लिटरची?" कसा आहेस, पोरं काय म्हणतात, काही नाही. आधी लिटर.

कॅप्टन बँकेत कर्जविभागात आहे. सैन्याशी त्याचा संबंध म्हणाल तर खाकी टोपीपुरता. पण ट्रेकच्या प्रत्येक टोळक्यात असा एक जण असतोच, आणि तो नसेल तर बाकीचे कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खाऊन परत येतात, हेही खरं.

खांडसहून वर जायला वाटा दोन. शिडी घाट जवळचा पण अंगावर येणारा. गणेश घाट लांबचा, पण पोराबाळांना घेऊन जाण्यासारखा. मधल्या पठारावर दोन्ही एकत्र येतात. साधा माणूस यातली एक धरतो आणि चालू लागतो. कॅप्टनने चार बैठका घेतल्या. पहिलीत शिडी घाट ठरला. दुसरीत, पावसात शिड्या निसरड्या असतात म्हणून तो रद्द झाला. तिसरीत गणेश घाट मंजूर झाला. चौथीत 'गणेश घाट फारच सोपा पडेल का?' असा मुद्दा निघाला. आणि तो काढला कोणी, तर लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर बसकण मारणाऱ्या आमच्या कॅप्टननेच. एवढं होईपर्यंत पाऊस संपला. मृगातला ट्रेक दिवाळीनंतर निघाला.

निघण्याआधी तक्ता आला. लॅमिनेट केलेला. '६.५० कर्जत, वडापाव (एकच). ९.४० पदरगड पाहणे, ३ मि. ११.३५ शेकरू.'

"शेकरूला कळवलंयस ना?" मी विचारलं.

कॅप्टन हसला नाही. "ती सकाळी आणि उन्हं कलल्यावर हलतात. दुपारी फांदीवर पडून असतात. ११.३५ म्हणजे अगदी शेवटची संधी." मग भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ सालचं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, आणि शेकरू हा राज्यप्राणी, हे सगळं कर्ज नामंजूर करतानाच्या आवाजात ऐकवलं. एकेक शेकरू म्हणे अनेक घरटी बांधून ठेवतं. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. चार बैठकांचं समर्थन त्याला प्रथमच सापडलं असावं.

आदल्या रात्री मी त्याच्या घरी गेलो, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा हॉलमध्ये आलेला. त्यावर टूथब्रश. कॅप्टनने करवतीने त्याची दांडी कापली, पुन्हा तोलला आणि सात ग्रॅम वाचल्याचं जाहीर केलं. शेजारी दोन किलो बाकरवडी होती. ती तोलायची नव्हती.

"भावोजी, दळण आणायला सांगितलं की यांचा गुडघा दुखतो," वहिनी आतून म्हणाल्या. कॅप्टनने यादीत 'नी-कॅप' लिहिलं.

खांडसच्या वाटेवर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक मावशी भेटली. पाय अनवाणी. वर पोचायला किती वेळ लागेल, असं कॅप्टनने विचारलं. तिने त्याच्या सॅककडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "चालाल तर जेवायच्या आत," म्हणाली आणि पुढे गेली. कॅप्टन हे तक्त्यावर टिपून घेऊ लागला. लॅमिनेशनवर पेन उठेना. त्यात सहा मिनिटं गेली.

देवळाजवळ पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. कॅप्टन एका झाडाखाली टेकला आणि उशिराचा हिशेब मांडू लागला. तेवढ्यात वर पानं सळसळली. तांबूस-तपकिरी, भलं मोठं झुपकेदार शेपूट ताणून शेकरूने या झाडावरून त्या झाडावर झेप घेतली, थेट त्याच्या टोपीवरून. आम्ही सगळे ओरडलो. कॅप्टनने "एक मिनिट" म्हणून हात वर केला. त्याची बेरीज चालली होती.

यंदाचा तक्ता परवा आला. वडापाव अजून एकच आहे. शेकरूची वेळ मात्र बदलली आहे: ४.१५.