काकांवरचा आळ गेला हो!

अहो वहिनी, जरा अशा भिंतीजवळ या ना. होऊ देत कुकरच्या शिट्ट्या. ऐकलंत का, समोरचे काका सुटले! अहो कशातून काय, त्या पिकअपच्या दिव्यातून! अख्ख्या शिरवण्याला बोभाटा झालाय म्हणा, पण आतली गोष्ट वेगळीच आहे…

त्यांचा पोरगा रात्री दोनला तुर्भ्याच्या मार्केटला निघतो. भाजी नसली तर ससून डॉकची मासळी. संध्याकाळी गाडी दारात लागली, की आतला दिवा आपला चालूच. दारं बंद, किल्ली घरात खुंटीला, आणि केबिनमध्ये लख्ख उजेड! त्या दिव्याला खटका असतो बघा, चालू, बंद आणि मधला दाराचा, म्हणजे दार उघडलं तरच पेटायचा. तो खटका नातवानं केव्हाच मोडून ठेवलाय, दाराच्याच खुणेवर अडकलाय. म्हणजे बंद करायचीही सोय नाही.

काकी म्हणाल्या, "पोरगा आत बसून घेत असणार." सून तोंडानं काही बोलली नाही, पण नवऱ्याचा फोन मात्र उशीखालून काढून बघायला लागली. हे मला तिनंच सांगितलं हं, मी विचारलं नव्हतं.

आणि एके रात्री गाडी सुरूच होईना! स्टार्टर मारला की नुसतं टक टक. आमचे हे बनियनवर धक्का मारायला गेले. गॅरेजवाला आला, म्हणाला, "बॅटरी गेली." नवी घातली. हजारो रुपये हो! काकींचं तोंड असं उतरलं, की मी आपली तुळशीला पाणी घालत बसले, दोनदा.

तर काय सांगत होते… हां, हळद. काकींच्या भाच्याची हळद होती ना बोनकोड्याला? डीजे, मटण, सगळं साग्रसंगीत. तीन दिवस गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या रात्री काकी पाणी प्यायला उठल्या, बघतात तर दिवा चालू आणि आत माणूस! घेतली काठी, गेल्या तरातरा, दार ओढलं… आत कोण असावं? काका! मांडीवर हळदीच्या घरच्या जिलब्यांचा बॉक्स! आणि शुगर किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

काका म्हणाले, "दिवा मी लावला नाही गं, मी आलो तेव्हा चालूच होता." पण अशा वेळी कोणाचं कोण ऐकतंय! चौथ्या दिवशी नवी बॅटरीही बसली. मग काय, जुनी बॅटरीही काकांनीच घालवली, असा ठराव झाला. पोरगा बापाशी बोलेना. सुनेचा डिप्लोमावाला भाऊ आला होता, त्यानं बोटांवर हिशेब करून दाखवला. १२ व्होल्टची गाडी, १० वॅटचा बल्ब, एक अँपिअरसुद्धा खात नाही. पण चोवीस तास जळला की वीसेक अँपिअर-अवर गेले. तीन दिवसांत साठ. सत्तरची बॅटरी उठणार कशी? गाडी रोज पळायची तेव्हा भरून निघायचं, म्हणून नवी बॅटरी इतके दिवस टिकली. काका मान खाली घालून ऐकत होते बिचारे.

शेवटी सुनेनंच एमआयडीसीकडचा वायरमन आणला. पोरगी हुशार आहे हो. तो बाबा बॅटरीकडे बघेचना! सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीच्या खांबावरची ती बटणासारखी दांडी असते ना, ती बोटानं दाबली. दिवा विझला? छे! दार लागलं की ती दांडी आत दबते आणि दिव्याची अर्थिंग तुटते, उघडलं की जुळते. इथे तिची रबरी टोपी फाटलेली. पावसाचं पाणी, गाडी धुतात त्या पंपाचा मारा, मासळीचे खारट हात… सगळा गंज आत. त्यानं एक स्क्रू काढला, स्विच बाहेर ओढला. वायर मात्र पकडून ठेवली बरं का, सुटली तर खांबात पडते आणि मग शोधत बसा. वायर काढल्याबरोबर दिवा गप! म्हणाला, "आता पण जळत राहिला असता, तर वायर कुठेतरी बॉडीला घासलीय म्हटलं असतं. हा स्विचच खराब." पॉलिश पेपर मारून बघितला, स्प्रिंगच खाल्लेली होती. नवा घातला. बॅटरीच्या पैशांपुढे चिल्लर हो!

माझ्या नणंदेचा मुलगा टेक्सासला असतो. तो म्हणे, तिकडच्या काही पिकअपना डॅशबोर्डावर उजेड कमीजास्त करायचं चाक असतं, ते चुकून टोकापर्यंत फिरलं तरी आतला दिवा पेटून राहतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तर दांडीच नाही, स्विच दाराच्या कुलपातच. तिथेही आत ग्रीस सुकलं, की हीच रड. म्हणजे तिकडेही कोणाच्या तरी काकांवर आळ येत असणार, काय?

तर वायरमननं दार लावलं. अंधार. उघडलं. उजेड. पोरानं बापाकडे बघितलं आणि गाडीचा टायर तपासायला लागला. गॅरेजवाल्याला फोन लावायची हिंमत मात्र अजून कोणी केली नाही. काका छाती फुगवून म्हणाले, "बघा! मी सांगत नव्हतो?"

काकी काय म्हणाल्या असतील?

"दिव्याचं कळलं. आता सीटखाली दुसरा बॉक्स कोणाचा, ते सांगा."

वायरमन बिचारा पैसे न मोजताच निघाला. आणि काका अजून बाहेर ओट्यावरच बसलेत, बघा, बघा… अहो, इतकं सरळ नका बघू!